उद्देश बदलताना : समाजविकासाच्या कार्यासाठी संस्थेच्या घटनेत दुरुस्ती

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांनी पंचगंगा आणि कृष्णा यांच्या काठावरील गावांची जी दैना केली, ती कोल्हापूर जिल्हा विसरलेला नाही. पूर ओसरल्यावर अन्नाची पाकिटे व चादरी वाटण्याचे काम कोणतीही संस्था करू शकते. त्यासाठी कोणी घटना उघडून पाहत नाही. पण पडलेली घरे उभी करणे, बचत गटांना भांडवल मिळवून देणे, शेतमजुरांच्या मुलींना व्यवसायशिक्षण देणे अशा दीर्घकाळच्या कामासाठी मोठा निधी लागतो, आणि निधी देणारा पहिला प्रश्न विचारतो : "हे काम तुमच्या घटनेत लिहिलेले आहे काय?" ज्या संस्थेच्या कागदावर 'ख्रिस्ती मुलांसाठी वसतिगृह चालविणे' एवढा एकच उद्देश असेल, तिला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

धर्मग्रामांतील विश्वस्त, धर्मभगिनी व प्रापंचिक कार्यकर्ते यांना उपयोगी पडावे म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. प्रत्येक संस्थेचे कागद निरनिराळे असतात. म्हणून हा लेख वकिलांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र वकिलांकडे जाण्यापूर्वी काय पाहावे व काय ठरवावे, हे त्यातून कळावे अशी आमची अपेक्षा आहे.

'समाजविकास संस्था' हा दर्जा कोठे मिळतो?

आपल्याकडे 'समाजविकास संस्था' असे एकच प्रमाणपत्र देणारे कार्यालय नाही. हा दर्जा अनेक मान्यता मिळून तयार होतो. पहिली मान्यता धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीची. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या नावाने ओळखला जातो. त्यातील सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत मंदिर, मठ, चर्च यांचा, तसेच धार्मिक अथवा धर्मादाय हेतूने स्थापन होऊन १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांचाही समावेश होतो. या खात्याच्या कोल्हापूर विभागाचे धर्मादाय सह आयुक्त कार्यालय कोल्हापुरातच आहे.

दुसरी मान्यता आयकर खात्याची. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १२-ए-बी खालील नोंदणीमुळे संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी मिळते, तर कलम ८०-जी खालील मान्यतेमुळे देणगीदाराला सवलत मिळते. संसदेने २०२५ मध्ये नवा आयकर कायदा संमत केला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. परंतु संस्थांच्या जगात ही कलमे अद्याप जुन्याच क्रमांकांनी ओळखली जात असल्याने आम्हीही तेच वापरीत आहोत.

तिसरी पायरी कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीची, म्हणजे सी.एस.आर.ची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दारिद्र्यनिर्मूलन, शिक्षण, आरोग्य, ग्रामविकास प्रकल्प, झोपडपट्टी क्षेत्राचा विकास आदी कामे दिली असून, आपत्तीनंतरचे पुनर्वसन व पुनर्बांधणी ही कामे २०१९ मध्ये त्यात आली. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला 'सी.एस.आर.-१' हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. कंपनीने स्वतः न स्थापलेल्या सर्वसाधारण न्यासाला किंवा सोसायटीला त्यासाठी आयकराच्या मान्यतांबरोबर तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. परदेशी देणगीसाठी २०१० चा परकीय देणगी नियमन कायदा आहे. त्याखालील नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत, असा सर्वसाधारण नियम आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. घटनेतील शब्द बदलल्याने दार उघडते, पण आत जाण्यासाठी कामाची नोंद लागते. म्हणून ज्यांना पुढील काही वर्षांत विकासकार्य करावयाचे आहे, त्यांनी निधीची जाहिरात येण्याची वाट न पाहता दुरुस्तीचा विचार आजच करावा.

कोणते शब्द आड येतात?

जुन्या घटनांत सहसा तीन प्रकारचे शब्द अडचणीचे ठरतात.

पहिला प्रकार लाभार्थींचा. 'आपल्या समाजातील' मुलांसाठी, विधवांसाठी, रुग्णांसाठी अशी भाषा जुन्या घटनांत सर्रास आढळते. कोल्हापूरला ती परकी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात येथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९०६ चे मुस्लिम बोर्डिंग ही त्यांतील प्रसिद्ध नावे. ज्यांना शहरात राहण्यास जागा मिळत नव्हती, त्यांच्या मुलांना शिक्षण मिळावे हा त्यामागील हेतू होता, आणि त्या काळी समाजनिहाय व्यवस्था हाच त्याचा व्यवहार्य मार्ग होता. पुढील काळातील करकायद्याने मात्र वेगळी रेषा आखली. १ एप्रिल १९६२ रोजी अमलात आलेल्या आयकर कायद्याच्या कलम १३ नुसार, त्या तारखेनंतर स्थापन झालेली धर्मादाय संस्था विशिष्ट धार्मिक समाजाच्या किंवा जातीच्या लाभासाठी असेल, तर तिला करमाफी मिळत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना मात्र या निर्बंधातून स्पष्टपणे वगळले आहे. ८०-जी च्या मान्यतेसाठीही संस्था विशिष्ट धर्मीयांच्या वा जातीच्या लाभासाठी नसावी, अशी अट आहे.

दुसरा प्रकार धार्मिक व सामाजिक उद्देशांच्या सरमिसळीचा. 'उपासना, धर्मशिक्षण व गोरगरिबांची सेवा' असे एकाच वाक्यात लिहिलेले आढळते. असे लिहिणे बेकायदा नाही. रतलाम येथील दाऊदी बोहरा जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असे म्हटले, की एखाद्या न्यासाचे उद्देश धार्मिक व धर्मादाय असे दोन्ही असले, आणि त्यांचा लाभ केवळ एका समाजापुरता मर्यादित नसला, तर कलम १३ ची ती बंदी लागू होत नाही. परंतु ८०-जी ची गोष्ट निराळी आहे. तेथे हेतू पूर्णतः वा बहुतांशी धार्मिक असून चालत नाही, आणि १९६१ च्या कायद्याने वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंतच धार्मिक खर्चाला वाव ठेवला. यास्तव ज्या न्यासाच्या नावे चर्च व दफनभूमी आहे, त्याचीच घटना ताणून विकासकार्यास लावण्यापेक्षा, विकासकार्यासाठी स्वतंत्र सोसायटी नोंदविणे पुष्कळदा अधिक सुटसुटीत ठरते.

तिसरा प्रकार कार्यक्षेत्राचा. घटनेत 'कोल्हापूर शहर' असे लिहिले असेल, तर शिरोळ तालुक्यातील पूरग्रस्त गाव त्यात बसत नाही. आजरा, चंदगड, गडहिंग्लज येथे काम न्यावयाचे असेल, तर किमान 'कोल्हापूर जिल्हा' असा उल्लेख हवा. याच संदर्भात एक स्मरण देणे उचित होईल. ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला आणि कोल्हापूर जिल्हा नव्या धर्मप्रांतात आला. धर्मसभेच्या निर्णयाने धर्मप्रांताची सीमा बदलते; शासकीय नोंदवहीतील विश्वस्तांची नावे, पत्ता वा कार्यक्षेत्र मात्र आपोआप बदलत नाही. ती नोंद वेगळी करून घ्यावी लागते.

जुना व नवा मसुदा शेजारी ठेवून पाहिल्यास फरक ध्यानात येईल. जुना : 'कोल्हापूर शहरातील गरीब ख्रिस्ती मुलांसाठी वसतिगृह चालविणे.' नवा : 'कोल्हापूर जिल्ह्यातील गरजू मुलामुलींसाठी, जात, धर्म वा लिंग असा भेद न करता, वसतिगृहे व शिक्षणाच्या सोयी चालविणे, तसेच ग्रामीण व शहरी दुर्बल घटकांसाठी निवारा, आरोग्य, उपजीविका, स्वच्छ पाणी आणि आपत्तीनंतरचे पुनर्वसन यांची कामे करणे.' येथे जुना उद्देश पुसलेला नाही. तो रुंद केला आहे. याबरोबर आणखी काही कलमे आहेत काय, हे पाहावे : नफा सभासदांत न वाटणे, दरवर्षी हिशेबतपासणी करणे, आणि संस्था विसर्जित झाल्यास उरलेली मालमत्ता समान उद्देशाच्या नोंदणीकृत संस्थेकडे जाणे. आयकर खाते या कलमांकडे बारकाईने पाहते.

अल्पसंख्याक हक्काचे काय?

'सर्वांसाठी' असा शब्द घातला तर शाळेचा अल्पसंख्याक दर्जा जाईल, अशी भीती अनेक विश्वस्त बोलून दाखवितात. ही भीती प्रामाणिक आहे; परंतु तिची फोड करून पाहावयास हवी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने दिलेला हक्क शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा आहे. अन्य समाजांतील विद्यार्थ्यांना प्रवेश दिल्याने संस्थेचे अल्पसंख्याक स्वरूप नष्ट होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात १९५८ सालीच सांगितले, आणि २००२ च्या टी. एम. ए. पै निकालातही ही भूमिका कायम राहिली. तेव्हा मसुदा करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. संस्था कोणी स्थापन केली व तिचे व्यवस्थापन कोणाकडे राहील, हे एका कलमात. तिचा लाभ कोणाला मिळेल, हे दुसऱ्या कलमात. पहिले कलम गाळून टाकण्याची चूक घाईत होते, आणि ती पुढे महाग पडते. शाळा चालविणाऱ्या संस्थेने हा मुद्दा जाणकार वकिलाकडून तपासून घेतल्याखेरीज ठराव करू नये.

सोसायटीचा मार्ग

यानंतर आपली संस्था कायद्याने कोणत्या प्रकारात मोडते, हे पाहावे. कारण मार्ग त्यावर अवलंबून आहे. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी असेल, तर उद्देश बदलण्याची, वाढविण्याची वा कमी करण्याची रीत त्या कायद्याच्या कलम १२ मध्ये दिली आहे.

कार्यकारी मंडळाने बदलाचा प्रस्ताव लेखी वा छापील अहवालाच्या रूपाने तयार करावा. तो विशेष सभेपूर्वी किमान दहा दिवस प्रत्येक सभासदाला हाती द्यावा किंवा टपालाने पाठवावा. सभेत तो तीन-पंचमांश सभासदांच्या मतांनी संमत व्हावा लागतो. मत प्रत्यक्ष अथवा प्रतिनिधीमार्फत देता येते. त्यानंतर एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा बोलवावी आणि तेथे उपस्थित सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी पहिला निर्णय कायम करावा. म्हणजे पन्नास सभासदांच्या संस्थेत पहिल्या सभेस तीस मते हवीत; दुसऱ्या सभेस चाळीस जण आले, तर चोवीस.

एकाच दिवशी सकाळी एक व दुपारी दुसरी सभा दाखवून भागत नाही. मधला महिना विचारासाठी ठेवलेला आहे : पहिल्या सभेस न आलेल्याला कळावे, विरोध असलेल्याला बोलता यावे, आणि उत्साहाच्या भरात झालेला निर्णय थंड डोक्याने पुन्हा पाहिला जावा. त्याआधी सभासदांची यादी शुद्ध करावी. निवर्तलेल्यांची नावे यादीत तशीच राहिली, तर तीन-पंचमांशाचा हिशेब बिघडतो. तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकलेल्या सभासदाला कलम १५ प्रमाणे मताचा अधिकार नसतो. सभेची सूचना, ती मिळाल्याची पोच, हजेरीच्या सह्या, सूचक-अनुमोदकांची नावे व मतांची संख्या हे सर्व इतिवृत्तात स्पष्ट असावे.

उद्देशांखेरीज नुसत्या नियमावलीतील बदल, उदाहरणार्थ कार्यकारी मंडळाची सदस्यसंख्या वा वर्गणीचा दर, हे त्या नियमावलीतच सांगितलेल्या पद्धतीने करता येतात.

न्यासाचा मार्ग

न्यासपत्राने निर्माण झालेल्या न्यासाची गोष्ट वेगळी आहे. येथे सभासद नसतात, विश्वस्त असतात. आणि विश्वस्त हे मालमत्तेचे मालक नव्हेत. ज्याने मालमत्ता दिली, त्याने ज्या हेतूने ती दिली, त्या हेतूचे ते राखणदार आहेत. म्हणून सर्व विश्वस्तांनी एकमताने ठराव केला, तरी तेवढ्याने मूळ उद्देश बदलत नाही. न्यासपत्रात बदलाचा अधिकार दिलेला आहे काय व किती, हे प्रथम वाचावे.

तसा अधिकार नसल्यास, कारभार सुरळीत चालावा म्हणून कायद्याच्या कलम ५०-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून योजना मंजूर करून घेता येते किंवा असलेल्या योजनेत फेरबदल करून घेता येतो. न्यासाशी हितसंबंध असलेल्या दोन वा अधिक व्यक्तींना असा अर्ज करता येतो. मूळ हेतू पार पाडणेच अशक्य झाले असेल, किंवा उत्पन्न हेतूच्या गरजेपेक्षा शिल्लक राहत असेल, तर कलम ५५ व ५६ प्रमाणे न्यायालयाकडून निर्देश घेण्याची तरतूद आहे. अशा वेळी मूळ हेतूला जो जवळचा असेल, तो हेतू निवडण्याकडे कायद्याचा कल असतो.

जमिनीविषयी एक इशारा येथेच द्यावासा वाटतो. उद्देश रुंदावला म्हणून न्यासाची जमीन मोकळी होत नाही. कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल वा दान करणे, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे, यांसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पूरग्रस्तांसाठी न्यासाच्या जागेवर घरकुले बांधण्याचा विचार असेल, तर हे कलम आरंभीच समोर ठेवावे.

ठरावानंतर

ठराव झाला की काम संपले, असा समज आढळतो. वस्तुतः तेथून अर्धे काम उरलेले असते. नोंदवहीतील कोणत्याही नोंदीत बदल घडला, तर कलम २२ प्रमाणे तो घडल्यापासून ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. यालाच सर्वजण 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर नवी नोंद दिसली, म्हणजे बदल कागदोपत्री पुरा झाला. विश्वस्त बदलले तरी वर्षानुवर्षे बदल अर्ज न दिल्याने उताऱ्यावर जुनीच नावे असतील, तर आधी ती थकबाकी दूर करावी. अन्यथा ठराव करणारे कोण, हाच प्रश्न उभा राहतो.

आयकराची मुदत त्याहून कमी आहे. नोंदणीच्या अटींशी न जुळणारा बदल उद्देशांत केल्यास, तो केल्यापासून ३० दिवसांच्या आत नव्याने नोंदणीचा अर्ज करणे १९६१ च्या कायद्याने आवश्यक ठरविले. हे न केल्यास करमाफी धोक्यात येते. एक मुदत ९० दिवसांची, दुसरी ३० दिवसांची. म्हणून दुसऱ्या सभेपूर्वीच सनदी लेखापालांना मसुदा दाखवून दोन्ही अर्ज तयार ठेवणे शहाणपणाचे. परकीय देणगीची नोंदणी असल्यास उद्देशबदल गृह मंत्रालयालाही ठरलेल्या अर्जाद्वारे कळवावा लागतो.

पस्तीस वर्षांनी लागलेला निकाल

ही रीत डावलल्यास काय होते, याचे उदाहरण ख्रिस्ती संस्थांच्याच इतिहासात आहे. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारताची चर्च, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. त्या ऐक्यात गुजरातमधील ब्रदरेन पंथाच्या 'फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च' या संस्थेने विलीन होण्याचा ठराव केला. ही संस्था १८६० च्या कायद्याखालील सोसायटी होती आणि मुंबई कायद्याखाली न्यास म्हणूनही नोंदलेली होती. पुढे मालमत्ता कोणाची, यावर वाद झाला. ३ मे २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की नुसत्या ठरावाने सोसायटी विसर्जित होत नाही वा तिची मालमत्ता दुसरीकडे जात नाही. त्यासाठी दोन्ही कायद्यांतील रीत पाळली गेली पाहिजे. २०१३ मध्ये त्याच वादाशी निगडित दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली.

या निकालात ऐक्याच्या हेतूवर शंका घेतलेली नाही. हेतू चांगला असला तरी रीत पाळली नाही, तर पस्तीस वर्षांनीही तो निर्णय उभा राहू शकत नाही, एवढाच त्याचा धडा आहे. मधल्या काळात दोन्ही बाजूंच्या श्रद्धावंतांचा पैसा, वेळ आणि परस्परांतील स्नेह कोर्टाच्या पायऱ्यांवर खर्च झाला.

देणगीदाराची इच्छा

शेवटी एक मुद्दा, जो कायद्याइतकाच सदसद्विवेकाचाही आहे. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असे धर्मसभेच्या १९८३ च्या संहितेतील नियम १२६७ सांगतो. नागरी कायदाही याहून वेगळे काही सांगत नाही. तेव्हा घटनेचा उद्देश आज रुंदावला, तरी काल ज्या वृद्धेने अनाथ मुलांच्या जेवणासाठी म्हणून ठेव ठेवली, तिचे व्याज उद्याच्या प्रशिक्षण केंद्राच्या बांधकामास वळविता येत नाही. जुने राखीव निधी वेगळे दाखवावेत व त्याच कामी लावावेत. नव्या कामासाठी नवा निधी उभारावा.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत निधीच्या चर्चेपूर्वी संस्थेची मूळ घटना, परिशिष्ट एकचा ताजा उतारा आणि सभासदांची यादी हे तीन कागद टेबलावर ठेवावेत व घटनेतील उद्देश मोठ्याने वाचावेत. आपण आज जे करीत आहोत ते त्यात आहे काय, आणि उद्या जे करू इच्छितो ते त्यात बसते काय, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर 'नाही' असेल, तर दुरुस्तीचा मार्ग लांबचा असला तरी खुला आहे, आणि कोल्हापूरकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पुढचा पूर संस्थेची घटना दुरुस्त होईपर्यंत थांबणार नाही. म्हणून हे काम कोरड्या दिवसांतच हाती घ्यावे.